एम, एफ आणि माउली

ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही ठेवलाय.

आजची गोष्ट एका बसच्या पासपासून सुरू होते. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथल्या बस आणि ट्रेन चालवणाऱ्या संस्थेचं नाव सेप्टा. १९८० च्या दशकापासून सेप्टाच्या पासवर एक स्टिकर असायचा. पुरुषाला 'एम', बाईला 'एफ'. कारण एकदम साधं होतं. एकच पास नवरा-बायकोनं आलटून पालटून वापरू नये. थोडक्यात, पासवर फोटो छापण्यापेक्षा हे स्वस्त. ड्रायव्हर एकदा स्टिकरकडे बघणार, एकदा तुमच्या तोंडाकडे, आणि जुळलं तर जा पुढे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असलं काही वाचलं की मला लगेच दिसतं की हे कुणीतरी घाईत केलेलं डिझाइन आहे. दोनच पर्याय, आणि पडताळणी कोण करणार, तर ड्रायव्हरची नजर. शार्लीन आर्सिला नावाच्या एका ट्रान्स स्त्रीनं 'एफ'चा पास घेतला, तो नाकारला गेला. मग 'एम'चा घेतला, तर तोही नाकारला गेला. म्हणजे पैसे भरूनही बसायला जागा नाही, कारण त्या माणसाचं शरीर कुठल्याच स्टिकरशी जुळत नाही असं समोरच्याला वाटलं. २००७ मध्ये त्यांनी शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. अनेकांनी मिळून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१३ च्या जुलैपासून ते स्टिकर बंद झाले.

याच आर्सिलाबाई आणखी एका गोष्टीच्या उभारणीत होत्या, आणि आजचा भाग तिच्याबद्दल आहे. २००२ साली फिलाडेल्फियात ट्रान्स लोकांच्या आरोग्याची एक परिषद सुरू झाली. सुरुवातीला छोटी होती. पुढे शहरातल्या माझोनी सेंटर या आरोग्यसंस्थेनं ती चालवायला घेतली, आणि वाढत वाढत ती हजारो लोकांची झाली. लोक येतात कशाला? हार्मोन्सची माहिती घ्यायला, वकिलाला प्रश्न विचारायला, आणि पुष्कळ जण आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं बघायला.

कंपनीच्या कामानं मी न्यू जर्सीत होतो तेव्हा एका उन्हाळ्यात मीही गेलो. मी ट्रान्स पुरुष आहे, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. परिषद शहराच्या मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती. त्या इमारतीचा एक भाग म्हणजे जुन्या रीडिंग रेल्वेच्या टर्मिनसची शेड आहे, आणि तिच्याखाली अजून बाजार भरतो. त्या दिवशी मी दोन वर्कशॉप केली. एक श्रद्धा आणि अध्यात्मावर, दुसरं बॉडी इमेजवर, म्हणजे आपल्याच शरीराचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यावर. दोन्ही एकाच मजल्यावर, एकापाठोपाठ. पहिल्या खोलीतले बरेच चेहरे मला दुसऱ्या खोलीतही दिसले.

मला प्रश्न पडला की देव आणि शरीर या दोन विषयांना तीच माणसं का जातात? परत आल्यावर मी फिलाडेल्फियाचा इतिहास वाचायला घेतला. आणि सापडलं की या शहरात हे दोन विषय गेली अडीचशे वर्षं सोबतच चालत आलेत.

पहिली गोष्ट: १७७६

अमेरिकेनं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला ते वर्ष. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये जेमायमा विल्किन्सन नावाची तेवीस वर्षांची मुलगी तापानं फणफणली. घरचं वातावरण क्वेकर पंथाचं. या पंथात प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश असतो असं मानतात, आणि फिलाडेल्फिया ही तर क्वेकर लोकांनीच वसवलेली नगरी. ताप उतरला तेव्हा अंथरुणातून उठलेल्या माणसानं जाहीर केलं की जेमायमा वारली. आता या शरीरात देवानं पाठवलेला आत्मा आहे, तो बाई नाही आणि पुरुषही नाही. नाव, 'पब्लिक युनिव्हर्सल फ्रेंड'. सगळ्यांचा मित्र.

इथं मराठीत गोष्ट सांगताना माझी पंचाईत होते. इंग्रजीत 'तो' किंवा 'ती' टाळलं की भागतं. फ्रेंडचे अनुयायी तेच करायचे. पण आपल्याकडे क्रियापदच सगळं सांगून टाकतं. गेला, गेली, गेलं. 'मी जेवलो' म्हटलं की घराला कळतं. म्हणून मी आदरार्थी बहुवचन वापरणार आहे. आणि मनात म्हणाल तर, वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात तसं धरून चला. समोर बाप्या असो की बाई, माउली म्हणताना कुणाचं व्याकरण अडत नाही.

तर फ्रेंड घोड्यावरून गावोगाव फिरले. अंगावर पाद्र्यांसारखा काळा झगा. गुलामगिरीविरुद्ध बोलले आणि अनुयायांना गुलाम मुक्त करायला लावले. १७८२ मध्ये ते फिलाडेल्फियात आले. लोक ऐकायला जमले, आणि मुक्कामाच्या घरावर दगडही पडले. वर्तमानपत्रांतून आणि पत्रांतून जी चर्चा झाली ती उपदेशाबद्दल कमी आणि कपड्यांबद्दल, केसांबद्दल, आवाजाबद्दल जास्त. हा माणूस काय बोलतोय, यापेक्षा हा माणूस आहे तरी काय, याचीच सगळ्यांना पडलेली. पुढे न्यूयॉर्क राज्यात अनुयायांनी एक वस्ती वसवली आणि १८१९ मध्ये तिथंच फ्रेंडचं देहावसान झालं.

फ्रेंडना 'ट्रान्स' म्हणावं का? त्या काळात हा शब्दच नव्हता, आणि त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते धर्माच्या भाषेत सांगितलं. मी आपला शब्द त्यांना चिकटवणार नाही. पण एवढं नक्की की तेव्हा 'माझ्या शरीरावरून मला ओळखू नका' असं म्हणायला एक भाषा उपलब्ध होती, ती देवाची होती. डॉक्टरची भाषा यायला अजून खूप अवकाश होता.

दुसरी गोष्ट: एका इंजिनिअरची

ही माझी आवडती. रीड एरिक्सन. जन्म १९१७, टेक्सासमधल्या एल पासोचा, बालपण फिलाडेल्फियात. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद, शाळाही मुलींची. वडिलांचा शिसं वितळवण्याचा धंदा होता. तो लुइझियानात हलला तसं कुटुंबही तिकडे गेलं. १९४६ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कॉलेजच्या दप्तरात त्या शाखेची पहिली स्त्री पदवीधर म्हणून नोंद झाली. आम्हा ट्रान्स पुरुषांच्या इतिहासात असा विनोद वारंवार होतो, 'पहिली स्त्री' म्हणून ज्याचं कौतुक होतं तो नंतर पुरुष निघतो. पुढे त्यांनी स्टेडियममधल्या बसायच्या पायऱ्या बनवायची कंपनी काढली.

१९६२ मध्ये वडील गेले आणि मोठी संपत्ती हातात आली. १९६३ मध्ये एरिक्सन न्यूयॉर्कच्या डॉ. हॅरी बेंजामिन यांचे पेशंट झाले. त्या काळात ट्रान्स लोकांना नीट तपासणारे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातले हे एक. आणि १९६४ मध्ये एरिक्सन यांनी स्वतःच्या पैशानं एक फाउंडेशन उभारलं, एरिक्सन एज्युकेशनल फाउंडेशन.

या फाउंडेशननं काय केलं त्याची यादी बघा. बेंजामिन यांच्या संशोधनाला पैसे दिले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९६६ मध्ये जे जेंडर क्लिनिक उघडलं, त्याला मदत केली. डॉक्टर, पोलीस, वकील यांच्यासाठी छोट्या पुस्तिका छापल्या. धर्म या विषयावरही एक पुस्तिका होती, कारण पत्र लिहिणारे लोक विचारायचे की माझ्या धर्मात हे पाप आहे का. आणि खिशात ठेवायला एक ओळखपत्र दिलं, की हा माणूस वैद्यकीय उपचार घेतोय. रस्त्यात पोलिसानं अडवलं तर दाखवायला. त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत 'दुसऱ्या लिंगाचे' कपडे घालणं हा गुन्हा होता, त्यामुळे त्या कार्डाची किंमत मोठी होती.

पण याच फाउंडेशनच्या पैशाचा दुसरा ओघ वेगळीकडे जायचा. अॅक्युपंक्चर, ध्यान, स्वप्नांचा अभ्यास, डॉल्फिनशी संवाद. 'अ कोर्स इन मिरॅकल्स' हे अमेरिकेत प्रचंड खपलेलं अध्यात्माचं पुस्तक १९७६ मध्ये छापलं गेलं, त्यालाही एरिक्सन यांचा पैसा होता. माणूस विक्षिप्त होता, घरात हेन्री नावाचा बिबट्या पाळलेला. पुष्कळ लोक ही दुसरी यादी 'श्रीमंताचे छंद' म्हणून बाजूला ठेवतात. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला आपलं शरीर बदलता येतं हे स्वतः अनुभवायला मिळालं, त्याला 'मग मी म्हणजे नक्की काय' हा प्रश्न पडणारच. अर्ध्या पैशानं त्यानं शरीराचं उत्तर शोधलं आणि अर्ध्यानं त्या प्रश्नाचं.

शेवट मात्र दुःखाचा आहे. अमली पदार्थांचं व्यसन लागलं, अमेरिकेत खटले मागे लागले, आणि १९९२ मध्ये ते मेक्सिकोत वारले. त्यांच्यावर समाजशास्त्रज्ञ एरन डेव्हर यांनी पुष्कळ लिहिलंय. ते नसतं तर मला हे नावही कळलं नसतं.

परिषद कुणाची?

आता परिषदांकडे येऊ. एरिक्सन फाउंडेशननं लिंगओळखीवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरवायला मदत केली. पहिली १९६९ मध्ये लंडनला, मग डेन्मार्क, मग युगोस्लाव्हिया. या परिषदांना कोण बोलायचं? सर्जन, मानसोपचारतज्ज्ञ, प्राध्यापक. ट्रान्स माणूस तिथं असायचा तो केस म्हणून, स्लाइडवर. गंमत बघा, पैसे ट्रान्स माणसाचे आणि माइक दुसऱ्याच्या हातात. या परिषदांमधूनच १९७९ मध्ये डॉक्टरांची संघटना उभी राहिली आणि उपचारांचे पहिले नियम ठरले. ठरावीक काळ त्या रूपात जगून दाखवा, तज्ज्ञांची पत्रं आणा, मग ऑपरेशन. नियम नव्हते त्यापेक्षा हे बरंच होतं, हे मान्य करायला हवं.

पण क्लिनिकच्या दारात काय व्हायचं? डॉक्टर बघायचे की ही बाई म्हणून खपेल का. दिसायला नाजूक आहे का, लग्न करून संसार करायची इच्छा आहे का. सँडी स्टोन या ट्रान्स लेखिकेनं पुढे एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्या म्हणतात की पेशंट मंडळी बेंजामिन यांचं १९६६ चं पुस्तक आधीच वाचून यायची आणि त्यात जशी लक्षणं दिलीत तशीच स्वतःची कहाणी सांगायची. संशोधक खूश, की सगळ्यांच्या कहाण्या किती सारख्या! माझ्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसेस आधीच फुटलेल्या होत्या. सगळे पास होत होते, पण टेस्टमधून खरं काहीच कळत नव्हतं.

ज्यांनी खरं सांगितलं ते नापास झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या लू सलिवन यांनी क्लिनिकला सांगितलं की मी पुरुष आहे आणि मला पुरुषच आवडतात. हे पुस्तकात बसत नव्हतं, म्हणून त्यांना नाकारलं. त्यांनी मग १९८६ मध्ये ट्रान्स पुरुषांचा स्वतःचा गट काढला. १९९१ मध्ये एड्सनं ते गेले, जेमतेम एकोणचाळीस वर्षांचे होते.

म्हणून लोकांनी आपल्या स्वतःच्या परिषदा भरवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये इंग्लंडात लीड्सला एक झाली. १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावात 'फँटेशिया फेअर' सुरू झाली. एका आठवड्याची जत्राच म्हणा. कपडे, मेकअप, चालायचं कसं, आवाज कसा काढायचा, आणि बायकोला कसं सांगायचं. हसू नका. जो माणूस वर्षभर पडदे ओढून आरशासमोर उभा राहतो, त्याला भर दिवसा रस्त्यावरून चालता येणं ही केवढी गोष्ट आहे. १९९१ मध्ये अटलांटात 'सदर्न कम्फर्ट' सुरू झाली. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ट्रान्स पुरुषांची परिषद भरली.

सदर्न कम्फर्टवर २००१ साली एक माहितीपट आला, त्याच नावाचा. जमलं तर बघा, पण रुमाल घेऊन बसा. त्यात जॉर्जियातल्या खेड्यात राहणारे रॉबर्ट ईड्स आहेत. दाढी, पाइप, काउबॉय हॅट. त्यांना बीजाशयाचा कॅन्सर झाला. वीसहून जास्त डॉक्टरांनी त्यांना तपासायला नकार दिला, दाढीवाला पेशंट स्त्रियांच्या वॉर्डात कसा घ्यायचा म्हणून. उपचार मिळेपर्यंत आजार हाताबाहेर गेला होता. १९९९ च्या जानेवारीत ते वारले. त्याआधी शेवटचं एकदा ते त्या परिषदेला गेले.

फिलाडेल्फियाची परिषद याच परंपरेत २००२ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या नावातच आरोग्य होतं ते का, हे ईड्स यांच्याकडे बघून कळतं. इथं डॉक्टरही येतात, पण पेशंटशेजारच्या खुर्चीत बसतात आणि वही काढून लिहून घेतात.

पहिली खोली

आता त्या दोन वर्कशॉपबद्दल. खोलीत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम होता. मी तो पाळणार. विषय काय होते आणि मी काय बोललो, तेवढंच सांगतो.

श्रद्धेच्या वर्कशॉपमध्ये ख्रिस्ती आणि ज्यू धर्मग्रंथांवर बराच वेळ गेला. बायबलमध्ये एका ठिकाणी पुरुषानं बाईचे आणि बाईनं पुरुषाचे कपडे घालू नयेत असं आहे. आणखी एका ठिकाणी खच्ची केलेल्या पुरुषाला देवाच्या मंडळीत येऊ देऊ नये असंही आहे. पण त्याच बायबलात यशया संदेष्टा सांगतो की अशा माणसांना देव आपल्या घरात मुलामुलींपेक्षाही मोठं नाव देईल. मराठी बायबलमध्ये इथं 'षंढ' हा शब्द आहे. आपल्याकडे जी शिवी आहे, तिला देव मानाचं नाव देतोय. मी तो उतारा मोबाइलवर मराठीत काढून वाचला आणि दोन मिनिटं गप्प बसलो.

ज्यू धर्मशास्त्रात तर पुरुष आणि स्त्री यांच्या पलीकडचे प्रकार शेकडो वर्षांपूर्वी नावानिशी लिहिलेत. अँड्रोगिनोस, तुमतुम वगैरे. रब्बी लोकांनी त्यांच्यावर डोकं खपवलं ते हाकलून द्यायला नाही, तर कुठला विधी कुणाला लागू पडतो हे ठरवायला. नियम किचकट आहेत, पण माणूस हिशेबात धरलाय. २००६ मध्ये अमेरिकेत पहिल्या उघड ट्रान्स रब्बींना दीक्षा मिळाली. २०१२ मध्ये एपिस्कोपल चर्चनं ट्रान्स व्यक्तींना पाद्री होण्याचा मार्ग मोकळा केला. हे आपोआप झालेलं नाही. चर्चच्या मागच्या बाकावर वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या माणसांनी ते घडवलं.

मग भारताचा विषय निघाला. परदेशात एक गोड समज आहे की भारतात तृतीयपंथीयांना देवासारखं पूजतात. मी हात वर केला. म्हटलं, आशीर्वाद घेतात हे खरं. बहुचरा माता आहे, सौंदत्तीची यल्लम्मा आहे, आमच्या कोल्हापूर-सांगलीकडून जोगते दरवर्षी तिच्या डोंगरावर जातात. पेशव्यांच्या मुलखात हिजड्यांना भिक्षेचे हक्क आणि इनामं होती, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या इंग्रज सरकारनं ती मानायचं बंद केलं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टचा दुसरा भाग तर खास त्यांच्यासाठी होता. उत्तर भारतात पोलिसांच्या रजिस्टरात नाव चढवायचं. नाव चढलं की बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसणं किंवा नाचणं याला दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही. फिलाडेल्फियातला ड्रायव्हर स्टिकर बघायचा, आपल्याकडे फौजदार रजिस्टर बघायचा.

आणि आणखी एक गोष्ट सांगितली. हिजडा किंवा जोगता परंपरेत ज्यांना जागा आहे, त्या जन्मानं मुलगा म्हणून नोंदलेल्या व्यक्ती. माझ्यासारख्या ट्रान्स पुरुषाला ना घराणं, ना गुरू, ना देवी. परंपरा मोठी आहे, पण मी तिच्या उंबऱ्याबाहेर आहे.

मग विचारलं गेलं की तुझ्या घरी असा कुठला विधी आहे का, जिथं तू कुठं उभं राहायचं हे तुझ्या शरीरावरून ठरतं? मी तळीबद्दल सांगितलं. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. चंपाषष्ठीला घरात तळी भरतात. ताम्हणात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच पुरुष गोल बसून ते ताम्हण उचलतात आणि येळकोट करतात. मी घरी सगळं सांगितलं त्या वर्षी घरात चार पुरुष होते, आणि मी. बाबांनी शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला बोलावून घेतलं. रागावून नाही, सहज. कुणी काही बोललं नाही. भंडारा मात्र आईनं माझ्याही कपाळाला लावला.

दुसरी खोली

बॉडी इमेजच्या वर्कशॉपमध्ये एक मोठा कागद दिला. स्वतःच्या शरीराची बाह्यरेषा काढायची आणि प्रत्येक अवयवाबद्दल लिहायचं की तो भाग कुणाच्या नजरेतून तुम्हाला दिसतो. तुमच्या की दुसऱ्याच्या? मी छातीपाशी लिहिलं, 'हॉस्टेलचा वॉर्डन, लोकलमधला माणूस, आरसा'. स्वतःचं नाव लिहायला जागाच उरली नव्हती.

याच वर्कशॉपमध्ये कामाच्या गोष्टीही होत्या. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. बाइंडर दिवसात आठ तासांपेक्षा जास्त घालू नका, त्यात झोपू नका, आणि क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी तर अजिबात गुंडाळू नका. बरगड्यांना इजा होते. श्वास लागला, दुखलं, तर लगेच काढा.

आणि एक गोष्ट तिथं पुन्हा पुन्हा आली. कसं दिसलं म्हणजे 'पुरेसं' ट्रान्स, हे मोजायची पट्टी कुणी बनवली? इतिहास माहीत असला की उत्तर देता येतं. ती १९६० च्या क्लिनिकमध्ये बनली. खपेल का, पटेल का, बसमध्ये कळेल का. ती पट्टी क्लिनिकनं कधीच खाली ठेवली, पण आपण ती अजून डोक्यात घेऊन फिरतो, आणि आता इन्स्टाग्राम ती रोज आपल्या हातात देतं.

तर तीच माणसं दोन्ही खोल्यांत का जातात, याचं मला सापडलेलं उत्तर हे. फ्रेंडच्या घरावर दगड टाकणारा, क्लिनिकमधला तज्ज्ञ, १८७१ चा फौजदार, बसचा ड्रायव्हर आणि तळीला पाचवा माणूस शोधणारे माझे बाबा, यांत काही दुष्ट आहेत, काही अगदी प्रेमळ. पण सगळ्यांचं म्हणणं एकच, की तू कोण आहेस ते शरीरानं सिद्ध कर. आणि तुम्ही रोज सिद्ध करत राहिलात की हळूहळू शरीर तुमचं न राहता नुसता पुरावा होऊन बसतं. देवाकडे माणूस जातो तो निदान एका ठिकाणी तरी पुरावा मागितला जाणार नाही या आशेनं. तिथंही मागितला तर मग जायचं कुठं? त्या दोन खोल्यांमध्ये कुणी मला काही सिद्ध करायला सांगितलं नाही. 'सांग' म्हणाले. एवढा एक शब्द बदलायला १९६९ च्या लंडनपासून किती वर्षं लागली बघा.

आपल्याकडेही हा शब्द बदलण्याची लढाई आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची, ऑपरेशनची अट नको. मग २०१९ चा कायदा आला आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घ्यायची तरतूद आली. 'पुरुष' किंवा 'स्त्री' असं हवं असेल तर वैद्यकीय कागद जोडून सुधारित प्रमाणपत्र. एका हातानं 'सांग', दुसऱ्या हातानं 'दाखव'. हा कायदा ज्यांना खटकतो, त्यांचा आक्षेप नेमका काय आहे, ते या इतिहासावरून कळावं.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. फ्रेंडची गोष्ट त्यांना आवडली. ज्ञानोबा पुरुष असून माउली कसे, यावर ते माझ्याशी अर्धा तास बोलले, कारण ते त्यांच्या आवडीचं. मग मी विचारलं की तळीला पाच पुरुषच लागतात असं कुठं लिहिलंय? ते म्हणाले, लिहिलेलं नाही, चालत आलंय. म्हटलं, मग चालत आलेल्यात मला घेणार का? ते म्हणाले, बघू. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाही होतो आणि 'हो' असाही. चंपाषष्ठीला अजून वेळ आहे.

जाता जाता एक विनंती. एरिक्सन, सलिवन, फ्रेंड यांच्याबद्दल आपण आज बोलू शकलो, कारण कुणीतरी त्यांची पत्रं, डायऱ्या, बातमीपत्रं जपली. आपल्याकडच्या जोगत्यांची, हिजडा घराण्यांची, आणि गावात गुपचूप पुरुष म्हणून जगून गेलेल्यांची कागदपत्रं फार थोडी आहेत. जी आहेत त्यांतली बरीच पोलिसांनी लिहिलेली. तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणाची आठवण असेल, आणि ती माणसं हयात असतील, तर आधी त्यांना विचारा. ती हो म्हणाली तर त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करून ठेवा. मोबाइल तर हातातच आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, माउली.